वड्यांत गेलेल्या चकत्या

माझं संशोधन म्हणजे कोटाच्या बटणाएवढी सिरॅमिकची चकती. ती मोबाइल टॉवरवरच्या डब्यात बसते आणि लहरींच्या गर्दीतून हवी तेवढीच निवडते. पण टॉवर उन्हात उभा. चकती तापली की तिचा सूर सरकतो आणि ती भलतीच लहर निवडायला लागते. एका पावडरीचा सूर उष्णतेने चढतो, दुसरीचा उतरतो. दोन्ही अशा मिसळायच्या की चढ-उतार एकमेकांत जिरून जावा. माझं काही केल्या जमत नव्हतं. शेवटी माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "ही खेप सरकली तर विषय बदला." म्हणजे सगळं पहिल्यापासून.

या खेपेच्या तीन चकत्या मोजण्याआधी काही दिवस तापवायच्या होत्या आणि प्रयोगशाळेचा ओव्हन बंद पडलेला. पण चंद्रपूर जिल्ह्यात, मे महिन्यात, ओव्हनसाठी रडायचं म्हणजे लाजच. चकत्या घेऊन मी सिंदेवाहीला घरी आले. गच्चीवरची सगळ्यात कडक उन्हाची जागा आईच्या कोहळ्याच्या वड्यांनी अडवली होती. वड्या ज्यावर वाळत होत्या त्या तिच्या जुन्या लुगड्याच्याच कोपऱ्यात मी चकत्या मांडल्या. रंगही वड्यांचाच, मळकट पांढरा.

एका दुपारी मी झोपले असताना वादळी वारा सुटला. आईने लुगड्याची चारही टोकं धरली, गाठोडं केलं आणि सरळ डब्यात ओतलं. दुसऱ्या दिवशी वड्या तळून वांग्याच्या रश्शात पडल्या.

"कोन्या दगडाची वडी केली व?" बाबा गाल धरून ओरडले आणि तोंडातली चकती त्यांनी खिडकीतून विहिरीच्या दिशेने भिरकावली. दुसरी आईने खलबत्त्यात घालून फोडून पाहिली. मी किंचाळेपर्यंत तिचे तुकडे झाले होते.

"तिसरी?" मी विचारलं.

आईने शेजारच्या घराकडे बोट दाखवलं. नव्या वड्यांच्या रश्शाची पहिली वाटी शेजारी द्यायची आमची रीत. वाटी केव्हाच गेली होती.

मी चप्पल न घालता धावले. शेजारचे भाऊ भलते भिडस्त. ओसरीवर बसले होते, एक गाल फुगलेला.

"भाऊ, वडी कडक लागली का?"

"नाई, नाई बाई," ते सुपारी चघळल्यासारखे बोलले. "जराशी वेळ घेऊन राह्यली. पन चव मस्त हाये."

मी हात पुढे केला. शेजारणीची वडी तोंडातून काढायची म्हणून ते लाजेने लालबुंद झाले. मला मात्र त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

चकती साबणाने धुतली, स्पिरिटने पुसली, कोरडी केली. ओव्हन दुरुस्त झाल्यावर थंड मोजली, मग तापवत तापवत मोजली. पडद्यावरचं सुराचं टोक जागचं हललं नाही. तेलात तळून, रश्शात उकळून, भाऊंच्या गालात मुरूनही सूर तिथल्या तिथे. मी प्रयोगशाळेत ढसाढसा रडले, मग आईला फोन लावला.

"आई, सरकली नाही! भाऊंच्या तोंडातलीच!"



"मंग येताना त्यायच्यासाठी पेढे आनजो," आई म्हणाली. "नरम पाहून आनजो. त्यायची दाढ कालच काढली, अन् तरी बिचारे काय म्हनते, वडीनं नाई, मुळातच हालत होती."