भिंतीवरची कार्मिन

आमच्या कार्मिनला टीव्हीवाल्यांनी जिवंतपणी हार घातला, त्याचा माझा राग अजून गेलेला नाही. तुम्ही म्हणाल, ग्रेसी, अगं मालिकाच ती. असू दे मालिका! माझी सख्खी थोरली बहीण आहे. रोज संध्याकाळी कुठल्याशा श्रीमंत घराच्या भिंतीवरच्या फोटोत ती हारातून हसणार, खाली तिचा मालिकेतला मुलगा हुंदके देणार, आणि इकडे अर्नाळ्यात आम्ही मायलेकींनी ते बघत जेवायचं. घास उतरेल का हो?

ती स्वतः मात्र हसण्यावारी न्यायची. विरारच्या मनवेलपाड्यातल्या फ्लॅटवरून फोन करायची. "ग्रेसी, पाठांतर नाही, जागरण नाही, नुसतं भिंतीवर टांगून घ्यायचं. असलं काम तुला तरी मिळेल का?" आणि मग फोन ठेवून द्यायची. जिच्या एका आरोळीने थिएटर चिडीचूप व्हायचं, तिला आता कोणी बोलायलाच सांगत नव्हतं.

हे नाटकाचं वेड लागलं ते गावच्या सणाला. आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. त्या देवळाच्या सणाला दरवर्षी पटांगणात नाटक व्हायचं. कार्मिन तेव्हा बारा वर्षांची. गाव सोडून कामाला जाणाऱ्या मुलीचं काम तिला मिळालं. आमच्या आयला अक्षर वाचता येत नव्हतं, पण अंगणात बोंबील वाळत घालताना पोरगी ओरडून ओरडून पाठ करायची, ते ऐकून आयला सगळं नाटक तोंडपाठ झालं. नाटकाच्या दिवशी शेवटच्या प्रवेशात कार्मिन नेमकी अडकली. "आये, दाराला कडी लावू नको. मी..." पुढे काही येईना. तशी आमची आय लोकांतून उठून उभी राहिली आणि खणखणीत ओरडली, "मी परत येनार हाय! अजून पाठ नाय झालं तुला, कार्मिन?" सगळं पटांगण हसून हसून लोळलं. कार्मिन पडद्यामागे जाऊन भोकाड पसरून रडली, आणि दुसऱ्या वर्षी सगळ्यांच्या आधी तालमीला हजर.

पुढे ती खरंच मुंबईला गेली. बाबा बोलेनासा झाला. आय मात्र गुपचूप सुके बोंबील पाठवायची. कार्मिनने काय काय केलं नाही! मोलकरणी केल्या, नणंदा केल्या, नाटकाच्या गाडीत बसून दौरे केले. पस्तिशीत आपल्याच वयाच्या हिरोची आई झाली, मग मालिकांत आजी. लग्न तेवढं राहून गेलं. विचारलं की म्हणायची, "स्टेजवर इतक्या वेळा झालं, आता घरी कशाला?" विरारला तिचा प्रयोग लागला की आय पहिल्या रांगेत बसायची आणि तिच्याबरोबर ओठ हलवायची. कार्मिनला हसू फुटायचं, पण तेवढ्यासाठीच ती पुढची खुर्ची राखून ठेवायची. काय दिवस होते ते!

गेल्या नाताळापासून आयचं डोकं चालेनासं झालं. आधी तो हार दिसला की म्हणायची, "आग लागो त्या मेल्यांना!" एके दिवशी घास हातातच धरून टीव्हीकडे बघत राहिली, मग ताट सारलं. "ग्रेसी, कार्मिन गेली ती मला का नाय सांगितलं? फादरांना सांग, तिच्या आत्म्यासाठी देवळात मिस्सा करा."

मी समजावलं, चिडले, फोनवर कार्मिनचा आवाज ऐकवला. आय म्हणाली, हे पन टीव्हीतलंच. जेवण सुटलं. हाक मारली तरी भिंतीकडे तोंड. मी कार्मिनला म्हटलं, "बाय, आत्ताच्या आत्ता ये."

ती धावतपळत आली. आयने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि परक्या बाईशी बोलावं तसं म्हणाली, "बसा. ग्रेसी, चा ठेव. माझ्या लेकीला ओळखायच्या का तुम्ही?"

"आये, मीच कार्मिन."

"माझी कार्मिन गेली. हार घातला तिला."

इतकी वर्षं खोटं खोटं रडलेली माझी बहीण पायरीवर बसून खरंखुरं रडली. "ग्रेसी, मला आयच ओळखत नाही तर मी आहे तरी कुठे गं?" मला पण रडू फुटलं, काय खोटं सांगू.

मग ती उठली. तोंड धुतलं, पदर खोचला आणि अंगणातल्या बोंबील वाळवायच्या काठ्यांपुढे जाऊन उभी राहिली. आयची खुर्ची मी दारात ओढली. कार्मिनने त्या सणाच्या नाटकाचा शेवटचा प्रवेश सुरू केला. साठी उलटलेली बाई, पण आवाज तोच. शेजारीपाजारी कुंपणाशी जमले. आय कुठेतरी लांब बघत होती. बघता बघता तिचे ओठ हलायला लागले. कार्मिनचंही लक्ष गेलं तिकडे.

"आये, दाराला कडी लावू नको," ती म्हणाली. "मी..."

आणि पुन्हा तिथेच अडकली. पुढचं येईना. मी देवाचं नाव घेत उभी.

आय खुर्चीचा हात धरून उठली.

"मी परत येनार हाय!" ती ओरडली. "अजून पाठ नाय झालं तुला, कार्मिन?"