दोन तुळयांच्या मधली गाडी

चर्चची घंटा दुपारी संथ वाजायला लागली तेव्हा मी अंगणात आमसुलं उलटत होते. त्या घंटेचा अर्थ आमच्या वाडीत सगळ्यांना कळतो, ख्रिस्ती असो वा हिंदू. कोणीतरी गेलं. मी मनातल्या मनात वाडीतले आजारी म्हातारे आठवू लागले, आणि त्यात इनास मास्तरांचं नाव नव्हतं. मग फोन वाजला. फिलू होती, मास्तरांची बायको. ती रडत नव्हती. तिचा आवाज इतका सरळ होता की मला आधी काही कळलंच नाही. "बाई, मास्तर गेले गो… गाडी वरच रवली."

या दोन गोष्टी तिने एका दमात सांगितल्या. मीही तशीच कोकमाच्या हातांनी धावत गेले. मास्तर पडवीत आरामखुर्चीत होते, जेवून डोळा लागावा तसे. मागच्या मांगरात त्यांची जुनी टॅक्सी हॉइस्टवर उचललेली होती आणि तिच्याखाली ठेवलेल्या पातेल्यात काळं तेल थेंब थेंब गळत होतं. पूर्ण निथळू दे म्हणून ते जेवायला आले होते.

आता त्याला बरेच आठवडे झाले. लिहीन लिहीन म्हणत होते, पण कागद घेतला की डोळ्यांपुढे ती अधांतरी गाडीच यायची. तेव्हा तिथूनच सांगते.

इनास मास्तर आणि मी मालवणच्या एकाच शाळेत होतो. ते कार्यानुभव शिकवायचे, मी गणित. ते अंगाने आटोपशीर, मी उंच. मुलं मला मागून माडबाई म्हणत, मास्तर तोंडावर म्हणायचे. निवृत्तीनंतर देवबागच्या वाटेवरच्या आमच्या वाडीत आम्ही शेजारी म्हणून उरलो. मी एकटी, ती दोघं. मूलबाळ नाही. संध्याकाळचा माझा चहा त्यांच्याच पडवीत व्हायचा आणि आमची भांडणंही तिथेच व्हायची, कारण मला चूक दिसली की गप्प बसवत नाही आणि मास्तरांना चूक मान्य करायला किमान एक चहा लागायचा.

मांगर म्हणजे घरामागची सामानसुमानाची चिऱ्यांची शेड. मास्तरांच्या मांगरात त्यांच्या वडिलांची टॅक्सी उभी होती. मालवण ते कुडाळ स्टेशन अशी तिने उभी हयात काढली. फिलू लग्न होऊन गोव्याहून आली ती याच गाडीतून, सासरा स्वतः चालवत होता. पुढे तो गेला, गाडी मांगरात गेली आणि तिच्यावर नारळ, त्यांची सोललेली सोडणं, तुटक्या खुर्च्या रचल्या गेल्या. फिलू एकदाच कधीतरी बोलून गेली होती, "ह्याच गाडयेन इलंय, एकदा ह्याच गाडयेन म्हायाराक जावक व्हया." बोलून ती विसरली असेल. मास्तर विसरले नाहीत. निवृत्तीचा हार गळ्यातून काढला आणि दुसऱ्या दिवसापासून गाडीवरची सोडणं काढायला सुरुवात केली.

इंजिन उघडून झालं, सीटा शिवून झाल्या आणि मास्तरांची पाठ गेली. मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, वाकायचं नाही, जमिनीवर आडवं पडून काम तर अजिबात नाही. आता जुन्या गाडीचं निम्मं काम तिच्या पोटाखाली असतं. दोन-तीन महिने मास्तर मांगराच्या दारात खुर्ची टाकून गाडीकडे नुसते बघत बसायचे. मी त्यांना म्हातारे झालेले पाहिले ते तेवढेच दिवस. कुडाळला गॅरेजात टाका म्हटलं तर म्हणाले, "मगे ती माझी गाडी खंयची?" मला राग आला होता. आणि एका संध्याकाळी मी गेले तर मास्तर ताठ बसलेले. "बाई, मी खाली जावचंय नाय ना, तर गाडयेनच वर येवक व्हया."

आजूबाजूला सगळ्यांनी मांगर पाडून पर्यटकांसाठी खोल्या काढल्या होत्या. मास्तरांनी गाडी उचलायचा हॉइस्ट बसवायचा घाट घातला. कोल्हापूरहून माणूस आला, फीत लावून बघितली आणि हसला. "सर, उंची पुरत नाही. छप्पर वर घ्या." छप्पर वर कसं घेणार? मांगरावर एक माड असा काही कलला आहे की त्याचं खोड कौलांना टेकायचंच बाकी आहे. धरता, म्हणजे नारळ देणारा माड आमच्याकडे कोणी तोडत नाही, आणि हा तर मास्तरांच्या आईने लावलेला. "छप्पर नाही तर मग जमीन खाली घ्या," असं म्हणून तो माणूस निघून गेला. त्याने थट्टेने म्हटलं असेल, पण मास्तरांनी मनावर घेतलं आणि मांगराच्या मधोमध कंबरभर खड्डा खणून घेतला. खड्डा कोरडा ठणठणीत निघाला. मीही वाकून बघितलं आणि म्हटलं, जमलं की मास्तर.

आठवड्याने अमावस्या आली. सकाळी फिलूची हाक आली म्हणून गेले तर खड्ड्यात गुडघाभर पाणी आणि पाण्यात दोन कुर्ल्या, चांगले मोठे खेकडे, घरच्यासारख्या फिरत होत्या. शेजारचा बाबल, पिढीजात रापण ओढणारा मच्छीमार, दारात उभा राहून पोट धरून हसत होता. "मास्तरांनू, अष्टमीक खणलास तर सुकोच गावतलो. भांगाचा पाणी खाली आसता. अवसेक उधाण, माका इचारूचा नाय?" भांग म्हणजे अष्टमीची मंद भरती, उधाण अवसे-पुनवेची मोठी. जन्म समुद्राच्या दाराशी गेलेले आम्ही दोघे, एक कार्यानुभवाचे मास्तर आणि एक गणिताची बाई, आणि भरती-ओहोटी जमिनीखालूनही येते हे आमच्या डोक्यात आलं नाही. फिलूने शांतपणे कुर्ल्या पकडल्या आणि दुपारी त्यांचं सार केलं.

 मास्तर मात्र जेवताना म्हणाले, "वर माड, खाली दर्या. मधी जा काय रवता ता माझा." त्यांनी खड्डा बुजवला नाही. त्यात बांबू उभा केला आणि अख्खा पावसाळा दर उधाणाला पाणी कुठवर चढतं त्याच्या खुणा केल्या. पाठ दुखत असायची, फिलू ओरडायची, पण बांबू बघायला ते रोज जायचे. पाऊस सरल्यावर सर्वांत वरच्या खुणेपर्यंत खड्डा भरला, मांगराची बाकी जमीन तेवढ्यापर्यंत खाली घेतली आणि तिच्यावर स्लॅब ओतली, मांगरभर पसरट, भरपूर सळ्या घालून. हॉइस्टचे दोन खांबही बुटके मिळाले, ठेंगण्या छपरांसाठी करतात तसे. खांब दोन्ही भिंतींना इतके चिकटले की या खांबाकडून त्या खांबाकडे जायचं तर गाडीच्या पोटाखालूनच वाट उरली.

तरी गाडी वर गेली की तिचं टप छपराच्या तुळईला आपटणारच. हा हिशोब मी मांडला, मांगराच्या दारावर खडूने. मास्तर बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, टप तर मधेच उंच आहे, पुढे बॉनेट आणि मागे डिकी बुटकी. टप दोन तुळयांच्या मधल्या मोकळ्या जागेत घुसवलं तर? मी पुन्हा आकडे मांडले. जमत होतं, पण गाडी अगदी नेमक्या जागी उभी राहायला हवी होती. त्यांनी जमिनीवर पांढरी रेघ मारली. पुढचं चाक त्या रेघेवर थांबलं पाहिजे, वीतभरही इकडे-तिकडे नाही. मग गाडी आत घ्यायची वेळ आली की फिलू समोर उभी राहून हात दाखवायची, "आजून… आजून… पुरो." तिच्या पुरोशिवाय मास्तर ब्रेक दाबत नसत.

मग राहिली खालच्या माणसाची उंची. गाडी तुळयांमध्ये गेल्यावर तिच्याखाली किती जागा उरते ते मी दारावर लिहिलं. मास्तर भिंतीला पाठ लावून उभे राहिले, फिलूने डोक्यावर फूटपट्टी ठेवून रेघ ओढली. बोटभर जागा शिल्लक राहत होती. मास्तरांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "देवान माका बुटको कित्याक केल्यान, ता आज समाजला." फिलू तर त्यांच्याही खांद्याशी. मी उभी राहिले तर रेघ माझ्या कपाळावर आली.

हॉइस्ट सुरू करायच्या दिवशी फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं. मग बाबलने त्याच माडाचा नारळ ठेवून राखणदाराला, जागा राखणाऱ्या देवाला, गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा महाराजा, गाडी वर गेली काय वरच रवांदे, खाली माणूस आसताना ती खाली येवची नाय रे महाराजा." आणि मास्तर, गळ्यात क्रूस, हात जोडून मोठ्याने म्हणाले, "व्हय महाराजा." बटण दाबलं. गाडी हलली, वर गेली, टप दोन तुळयांच्या मधे अलगद शिरलं. मास्तर तिच्याखाली चालत गेले आणि सरळ उभे राहिले. कितीतरी महिन्यांनी हात वर करून त्यांनी आपल्या गाडीच्या पोटाला हात लावला. मला रडू आलं, हे कबूल करते.

त्यानंतर माझी डोकेफोड सुरू झाली. पलीकडे मास्तरांचं सामान, मी बोलत बोलत खालून जायची आणि हॉइस्टच्या, गाडी पेलणाऱ्या लोखंडी हाताला कपाळ आपटायचं. ठक आवाज झाला की मास्तर मागे न बघता म्हणायचे, "बाई इल्या." मी चिडून म्हणायची, हे यंत्र तुम्ही मला छळायलाच आणलंय. फिलू खोबरेल तेल घेऊन यायची.

गेल्या नाताळाच्या आधी गाडी चालू झाली. तिघं फिलूच्या माहेरच्या फेस्ताला, तिथल्या चर्चच्या सणाला गेलो. सावंतवाडी, बांदा, मग गोवा. मास्तर ताठ बसून चालवत होते, फिलू शेजारी, मी मागे गुडघे पोटाशी घेऊन.  माहेरच्या दारात गाडी थांबली, भाऊ, भावजया धावत आल्या, मास्तर उतरून दार उघडून उभे राहिले. फिलू उतरेना. "वाईच बसतंय," एवढंच म्हणाली आणि बराच वेळ मांडीवर हात ठेवून तशीच बसून राहिली. मास्तरही दार धरून उभे राहिले, पाठ दुखत असणार तरी.

ते वैशाखात गेले. मांगर बंद राहिला. एक गॅरेजवाला येऊन हॉइस्ट बघून गेला, खाली उभंच राहता येत नाही म्हणाला. मास्तरांसाठी चर्चमध्ये महिन्याची मीस, म्हणजे प्रार्थना झाली आणि त्या संध्याकाळी फिलू पडवीत मला म्हणाली, "बाई, ती खाली घेवया. वर आसा तंवर माका दिसता, ते जेवान येतले नि परत कामाक लागतले." मास्तरांच्या पुतण्याला बोलावू का विचारलं, तर नको म्हणाली.

आम्ही दोघी आत गेलो. पातेल्यात गळणारं तेल कधीच थांबलं होतं. तेल सोडायला काढलेला नट मास्तर ठेवत तसाच फळीवर करवंटीत होता. मला खाली उभं राहता येईना, म्हणून फिलूच गेली. सरळ उभी राहिली, हात वर केले आणि पान्याने नट आवळला, एकेक फेरा सावकाश. इतकी वर्षं ती उजेडाला बॅटरी धरून त्यांच्याजवळ उभी असायची, तिला सगळं येत होतं. मग गाडी वर रोखून धरणारे दोन्ही खांबांवरचे अडकवे सोडायचे होते. अलीकडचा मी सोडला आणि पलीकडचा सोडायला म्हणून खालून निघाले. सवयीने, विचारातच. कपाळ लोखंडावर गेलं… आणि आवाज झाला नाही. लागलंही नाही.

मी हात लावून बघितलं. लोखंडी हाताला माझं कपाळ यायचं नेमकं तेवढ्याच जागी सुंभ गुंडाळलेला होता, काथ्याचा, ताजा, गच्च आणि नीट. मास्तर त्याखालून सरळ जायचे, फिलू सरळ जायची. मी फिलूकडे बघितलं.

"गेले त्याच दिसा सकाळी वळीत बसलेले," ती म्हणाली. "म्हटलंय, ह्या कित्याक? तर म्हणाले, बाई सांजेक येतल्या."

त्या संध्याकाळी मी आलेच होते, पण पडवीतूनच परत गेले होते… मी तशीच सुंभाला कपाळ टेकून उभी राहिले. फिलूने मला घाई केली नाही. मग मी पलीकडे गेले, अडकवा सोडला, बाहेर आले, गाडी उतरवायचा दांडा दाबला. टप दोन तुळयांमधून खाली सरकलं. गाडी हळूहळू उतरत होती आणि फिलू तिच्यासमोर नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिली होती. चाकं पांढऱ्या रेघेवर टेकली तेव्हा तिचा हात आपोआप वर झाला. "पुरो," ती म्हणाली, आणि मग पहिल्यांदाच रडली.

बऱ्याच वेळाने डोळे पुसून ती खाली बसली. सुंभ गुंडाळलेला लोखंडी हात आता जमिनीलगत आला होता. "ह्या सोडू काय?" तिने विचारलं.

"रवांदे," मी म्हटलं. नवं तेल घातलं की पुन्हा एकदा गाडी वर घेऊन नट गळत नाही ना ते बघावं लागेल. पुढच्या फेस्तालाही फिलूला जायचं आहे. आणि माझी उंची काही आता कमी व्हायची नाही.