फ्रीजची राखण आणि आमचे जावईबापू

हसू नका, पण आमच्या भाचीनं हे स्थळ पसंत केलं तेव्हा मी तिला बाजूला घेऊन म्हटलं होतं, "अगं, हा माणूस आहे की कपाट? तासभर झाला, तोंड उघडलं ते फक्त चहा प्यायला!" आता तेच कपाट माझ्या दवाखान्यात येऊन बसलंय, कॉम्प्युटर सांभाळायला. तीन महिने बघू, मग ठरवू, अशा बोलीवर. मी तिथली जुनी नर्स, लशींची खोली माझ्या ताब्यात.

लशींचं काम नाजूक. फ्रीज तापला की लशी बाद. म्हणून जावईबापूंनी फ्रीजमागे छोटा कॉम्प्युटर बसवला आणि एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली. मशीन सुरू झालं की ती आपोआप सुरू होणार, मागच्या मागे थर्मामीटर वाचत राहणार, आणि फ्रीज तापला तर आमच्या फोनवर निरोप धाडणार. झालं! पहिल्याच सुट्टीला फ्रीजचं दार अर्धवट उघडं राहिलं आणि एकाही फोननं चूं केलं नाही. निम्म्या लशी फेकल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सोमवारपर्यंत नीट करा, नाहीतर हे सगळं उचला." तीन महिनेही सोमवारीच भरत होते. भाचीचा चेहरा एवढासा झाला.

गंमत अशी, की बापू समोर बसून हातानं स्क्रिप्ट चालवायचे तेव्हा निरोप टुणकन यायचा. तीच आपोआप सुरू होऊ दिली की ढिम्म. मी म्हटलं, "तुमच्यासारखीच आहे हो, घरच्या माणसासमोरच तोंड उघडते." हसलेसुद्धा नाहीत. तीन दिवस नुसत्या वायरी बदलत होते. शनिवारी दुपारी शेवटी लॉग वाचायला बसले, म्हणजे काय काय झालं ते मशीन स्वतःच लिहून ठेवतं ना, ते. आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला.

"मावशी, तिला फोन नंबरांची यादीच सापडत नाहीये."

"यादी शेजारीच ठेवलीय म्हणालात ना?"

"मी चालवतो तेव्हा त्याच फोल्डरात असतो, म्हणून शेजारी. आपोआप सुरू होते तेव्हा ती भलतीकडेच उभी राहून शोधते. मी यादीचं नुसतं नाव लिहिलं. कुठे ठेवलीय, ते लिहिलंच नाही."

यादीचा पूर्ण पत्ता लिहिला, मशीन बंद करून चालू केलं, आणि बापू चक्क दाराबाहेर जाऊन उभे राहिले. कशाला हात म्हणून लावायचा नाही! थर्मामीटरचं टोक मी मुठीत धरलं. एक मिनिट. दोन. तिसऱ्याला माझ्या खिशात फोन थरथरला. मी अशी किंचाळले, की बाहेर लस टोचून शांत झालेलं बाळ पुन्हा रडायला लागलं.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी स्वतः थर्मामीटरचं टोक मुठीत आवळून पाहिलं, फोन थरथरला. नोकरी पक्की.

एक भांडण मात्र राहिलं होतं. माझ्या खणांवर चिठ्ठ्या लावायचा बापूंचा हट्ट, आणि मी लावू देत नव्हते. वीस वर्षं झाली, मला डोळे मिटून सगळं सापडतं! मंगळवारी मी रजेवर. बदली नर्सचा फोन आला, "ताई, सिरिंज कुठे आहेत?"

"अगं, जागेवरच आहेत!"

"कुठल्या जागेवर?"

मी काही बोलायच्या आत फोनमध्ये तिच्या मागून आमच्या कपाटाचा आवाज आला, "मावशी, पूर्ण पत्ता."

"लावा मेल्या चिठ्ठ्या," मी म्हटलं आणि फोन आपटला.