बाबा दाराकडे बोटं का करत होते

शेवटच्या आठवड्यात बाबा मला सारखे दार दाखवत होते.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

घशाच्या कॅन्सरने आवाज गेलेला. हातानेच बोलायचे. तळवा छातीवर दोनदा थोपटायचे, मग दोन बोटं दाराकडे.

मला एकच अर्थ लागत होता. नीघ इथून.

कारण त्यांना हॉस्पिसमध्ये, शेवटच्या आजारातल्या माणसांची मोफत काळजी घेतात तिथे, मी आणलं होतं. काल्हेरच्या आमच्या दोन खोल्यांत त्यांच्या वेदना मला सांभाळता येईनात, म्हणून. धाकटे काका तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "पोरीनं बापाला टाकला."

मी सिस्टरना खुणेचा अर्थ विचारला. म्हणाल्या, "तुम्ही आराम करा, असं म्हणतायत."

तिथल्या मावशींना विचारला. म्हणाल्या, "चहा घेऊन ये म्हणतायत, ताई."

एका खुणेचे दोन अर्थ? म्हणजे दोघी माझी समजूत घालत होत्या.

मी संशयी आहेच. पैसे न घेता एवढं करणाऱ्यांच्या बाबतीत तर जास्तच.

बाबा गेल्यावरही सिस्टरचा फोन यायचा. "झोप लागते का? जेवता ना वेळेवर?"

मी मनात म्हणायचे, आता डोनेशनचं काढतील. नकारसुद्धा तयार ठेवला होता.

विषयच निघेना. मग तर संशय आणखी वाढला.

परवा मीच विचारलं, "तुम्हाला माझ्याकडून नक्की काय हवंय?"

"दुपारी कधी येऊन बसाल? पेशंटजवळच्या माणसाला जरा उठता येतं."

नुसतं बसायला? मी "बघते" म्हणून फोन ठेवला.

आज सकाळी घरी बाबांच्या वर्षाचं पुण्यानुमोदन झालं. वंदनेला काका आले होते. वर्षभर माझ्याशी धड बोलले नव्हते.

काका आणि बाबा भिवंडीत यंत्रमागाच्या एकाच शेडमध्ये कामाला होते, शेजारशेजारच्या लूमवर. त्या आवाजात तोंडाने बोलून उपयोग नसायचा.

मी काकांसमोर बसले आणि खूण करून दाखवली.

ते पुढे सरकले. "ही तुला कोनी शिकवली?"

"बाबा करायचे. मला जा म्हणायचे."

"जा न्हाय गं, येडे! चाय पिऊन ये, तवर तुझी लूम मी बघतो. शेजारचा दमला का आमी असाच सांगायचो."

"मग मला कसं कळलं नाही?"

"कसा कळनार? तुझ्या बापानं तुला शेडच्या दारात तरी उभी केली का कधी?"

मग भिंतीकडे बघत म्हणाले, "मी तिथं त्याला बघायला आलो असतो तर तवाच सांगितला असता."

मी ऐकून घेतलं. पण आजचा दिवसच असा. आज काकाही माझी समजूत घालत असतील.

दुपारी हॉस्पिसमध्ये गेले. सिस्टरनी एका पेशंटच्या बायकोशेजारी बसवलं. बाई मूळची आझमगढची, नवरा लूमवरच आयुष्य काढलेला. त्याचाही आवाज गेलेला.

थोड्या वेळाने त्याने तळवा छातीवर दोनदा थोपटला. दोन बोटं दाराकडे केली.

बाई रडवेली झाली. "देखो ना दीदी, सुबह से यही. भगा रहे हैं मुझे."

हा माणूस काकांना ओळखत नाही. मलाही नाही. माझी समजूत घालायचं त्याला काही कारण नाही.

मी घाबरत घाबरत म्हटलं, "भाभी, भगा नहीं रहे. चाय पीके आओ बोल रहे हैं. तब तक तुम्हारा काम वो देखेंगे."

आणि त्याच्याकडे पाहिलं.

त्याने मान हलवली. मग पुन्हा एकदा, जोरात.

बाई डोळे पुसत हसली. "खुद से उठा नहीं जाता, मेरा काम देखेंगे!"

मावशी तिला चहाला घेऊन गेल्या. तिच्या स्टुलावर मी बसले.

ज्यांचं कुणी अशा ठिकाणी राहून गेलंय, त्यांनी जमेल तेव्हा एक दुपार जाऊन बसावं. खरंच एवढंच मागतात. मी खात्री करून घेतली आहे.

बाबा, आता तुम्ही या जाऊन.

इथलं मी बघते.