मामा आणि कैचीचोच्या कोंबडा

माझ्या थोरल्या मामांच्या हातून आयुष्यात एकही चूक झाली नाही, असे खुद्द मामांचेच म्हणणे होते. आणि कुंभार पिंपळगावच्या पंचक्रोशीत त्यांनी शिवलेल्या पँटी घालणारी निम्मी जनता एका बाजूला कलून चालत असली, तरी ते खोडून काढायची कोणाची छाती नव्हती. मामा शिवणकाम करीत. बाजाराच्या दिवशी लिंबाखाली मशीन मांडून ते माप घ्यायला लागले, की गिऱ्हाइकाला आपण कोर्टात उभे आहोत असे वाटे. एकदा तालमीतला एक गडी तक्रार घेऊन आला, की पँटीचा डावा पाय चार बोटे आखूड झालाय. मामांनी पँट पाहिलीच नाही, त्याचा पाय पाहिला. "पँट बराबर हाय. तुझाच डावा पाय लांब हाय. घरी कोणी सांगितलं न्हाई का आजवर?" गडी तशीच पँट घेऊन गेला आणि पुढे वर्षभर म्हणे तालमीत उजवा पाय ओढवून घेत होता, डाव्याइतका लांब व्हावा म्हणून.

अशा माणसाच्या घरी वाकड्या चोचीचे पिल्लू निघावे, हे त्या पिल्लाचे नशीब. मामींच्या कोंबडीने नऊ अंडी उबवली, त्यातल्या एकाची चोच कैचीसारखी: वरची डावीकडे, खालची उजवीकडे. बाकीची पिल्ले कण्या टिपत तेव्हा हे नुसते जमिनीवर टकटक करी, दाणा काही चोचीत येत नसे. चार दिवसांत ते पिसाएवढे हलके झाले. मामी म्हणाल्या, "आवो, हे काही जगत न्हाई." मामांना हा आपल्या कसबाचा अपमान वाटला. त्यांनी पिल्लू उचलून मशीनच्या खणात ठेवले.

आधी त्यांनी चोचीला दोरा बांधून ती सरळ करून पाहिली. पिल्लाने दोरा गिळला. तो बाहेर ओढताना मामांच्या कपाळावर जेवढा घाम आला, तेवढा लग्नातसुद्धा आला नव्हता. मग त्यांनी खाण्याची रीत बदलली. कण्या भिजवून मऊ करायच्या, खोल वाटीत भरायच्या, वाटी पिल्लाच्या छातीइतक्या उंचीवर ठेवायची. म्हणजे टिपावे लागत नाही, चोच बुडवून उपसता येते. पाणी शिवताना बोटात घालायच्या अंगुस्तान्यातून. आणि दर आठ दिवसांनी बारीक कानशीने चोचीची वाढलेली टोके घासायची, रक्त येऊ न देता. गिऱ्हाईक बटणासाठी ताटकळत उभे, आणि मामा पिल्लू मांडीवर घेऊन, श्वास रोखून घासतायत. लोक विचारीत, "काय टेलर, कोंबडीला सफारी शिवून राह्यलात का?" मामा मान वर न करता म्हणत, "तुझ्यापेक्षा त्याला शोभंल."

सहा महिन्यांत त्या पिल्लाचा असा कोंबडा झाला, की तो आरवला की परतूरला उभी असलेली रेल्वे सुटायची, असे मी आजही शपथेवर सांगेन. चोच घासून घासून अशी बेमालूम झाली होती, की मामा बाजारभर त्याला काखेत घेऊन फिरत आणि दिसेल त्याला म्हणत, "दाखव, कुठं वाकडी हाय? बिलकुल सरळ!"

इथेच घात झाला. कोंबडी अंड्यांवर बसली होती, तेव्हाच मामींची लेक बाळंतपणात अडली होती आणि त्यांनी गावदेवीला नवस बोलला होता: लेक सुखरूप सुटू दे, या उबवणीतला पहिला कोंबडा तुला. लेक सुटली. आणि उबवणीत कोंबडा निघाला तो हा एकच. बाकी साऱ्या कोंबड्या. मामी इतके दिवस निर्धास्त होत्या, कारण खोड असलेला जीव देवीला चालत नाही. पण आता खोड होती कुठे? ती मामांनीच घासून काढली होती.

आखाडातल्या मंगळवारी मी तिथेच होतो. देवीच्या ओट्याशी निम्मे गाव जमलेले. पुजारीण म्हातारीने कोंबड्याच्या चोचीवरून बोट फिरवले. "बराबर हाय. चालंल." मामींनी पदर डोळ्यांना लावला, पण नवस लेकीच्या जिवाचा, तो मोडायचा कसा? तेव्हा मामा पुढे झाले.

"मावशी, वाकडी हाय चोच."

"आं? आठवडाभर तुम्हीच तर सांगत फिरत व्हता, सरळ हाय म्हून!"

"खोटं बोलत व्हतो. वरून घासलेली हाय. आतून वाकडीच."

"तुमच्या हातचं काम, अन् वाकडं?" मागून कोणीतरी हसत विचारले.

मामांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते गावाकडे वळून म्हणाले, "हाव. वाकडं. मी शिवलेल्या पँटीबी वाकड्याच हायत. समद्या."

म्हातारी विचार करून म्हणाली, "मंग पंधरा दिवस कानस लावू नका. देवी बघंल."

ते पंधरा दिवस मामांनी कसे काढले, ते मामीच जाणोत. कोंबड्याची चोच दिवसागणिक फाकत गेली, खाणे अर्ध्यावर आले, आणि मामा कानस कुलपात ठेवून वाटी आणखी खोल करत राहिले. शिवाय दहा-दहा वर्षांच्या जुन्या पँटी घेऊन लोक दारात रांगेने उभे. मामांनी एकेक फुकट उसवून नीट करून दिली. सोळाव्या दिवशी म्हातारीने चोच पाहिली, 'न्हाई चालत' म्हणून मान हलवली आणि नारळ-नैवेद्यावर नवस फेडून घेतला. माझ्या ओळखीत फार मोठी माणसे आहेत, पण गावासमोर असा छोटा झालेला माणूस माझा मामा आहे, हे मी छाती फुगवून सांगतो.

पुढे मामांची नजर अधू झाली, हात कापू लागला. मी शेवटचा गेलो तेव्हा अंगणात ऊन उतरले होते. मामांनी कोंबडा मांडीवर धरलेला, आणि कानस मामींच्या हातात. मामा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "भाचेबुवा, हिचा हात माझ्यापेक्षा हलका हाय. पण तिला सांगू नका, लई चढून बसंल."

मामी हातभर अंतरावर होत्या. त्यांनी ऐकले न ऐकल्यासारखे केले आणि चोचीवरचा भुगा हळूच फुंकून टाकला. म्हाताऱ्या कोंबड्याने मामांच्या मांडीवर डोळे मिटून घेतले. त्या तिघांना एकत्र पाहिले ते शेवटचे.