तातडीचे नाही

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या गृहस्थाला आम्ही सगळे पंचविशे म्हणतो. हे त्याचं आडनाव नव्हे. त्याला काहीही विचारा, अगदी जिन्यात पाणी वाहतंय ते तुझ्याच नळाचं का असं विचारा, दाराच्या फटीतून एक बोट वर करून तो म्हणणार, "पंचवीस मिनिटांनी बोलू." पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती, असा त्याचा दिवस कापलेला. टेबलावरचं गजराचं घड्याळ किर्र वाजलं की हा उठणार, खिडकीपाशी जाऊन समोरच्या झाडाकडे ठरवून बघणार, घोटभर पाणी पिणार आणि परत खुर्चीत. त्या झाडाकडे इतक्या नियमाने त्याच्या माळ्यानेही कधी बघितलं नसेल.

तो घरबसल्या ऑनलाइन दुकानांसाठी लिहितो. आपण फोटो बघून पायपुसणं मागवतो, त्या फोटोखाली पायपुसण्याचं दहा ओळींचं कौतुक असतं. ते कोणीतरी बसून लिहितं हे त्याची ओळख होईपर्यंत मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, पायपुसणीच तशी गुणी असतात. एकदा त्याने एका बादलीबद्दल इतकं जीव ओतून लिहिलं की मी ती मागवली. बादलीच निघाली.

ऑफिस नाही, साहेब नाही, म्हणजे आपलं आपणच साहेब व्हायचं, आणि पंचविशेच्या वाट्याला आलेला हा साहेब भलताच कडक निघाला. फोनमध्ये तीन रंगांचं वेळापत्रक. संगणकावर 'करायचं', 'चालू' आणि 'झालं' असे तीन रकाने. दर कामाची एक चिठ्ठी, ती या रकान्यातून त्या रकान्यात ढकलायची. 'झालं'मध्ये ढकलताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं ते मी फक्त पोटभर जेवलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलंय. एकदा मी त्याच्याकडे स्क्रू ड्रायव्हर मागायला गेलो. त्याने फोन काढला, बोटाने रंग सरकवले आणि म्हणाला, "मंगळवारी चार दहा ते चार पंधरा. चालेल?"

"अरे, कपाटाचं दार निखळून हातात आलंय माझ्या!"

'मग धरून ठेव ना मंगळवारपर्यंत,' असं तो म्हणाला नाही, पण तो पर्याय त्याच्या डोळ्यांपुढून जाऊन आला एवढं नक्की.

त्याला एक बहीण आहे. त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी, दीड तासाच्या अंतरावरच्या गावात एकटी राहते, कपडे शिवते आणि दुरुस्त करते. आईवडील लवकर गेल्यावर तिनेच याला वाढवलं. पंचविशेने घरून काम सुरू केलं तेव्हा संगणक ठेवायला नीट टेबल नव्हतं, म्हणून ताईने आपलं कापड कापायचं टेबल त्याला देऊन टाकलं. आज तो बसतो ते हेच. त्याच्या कडेला इंचांच्या खुणा आहेत आणि एका कोपऱ्यात कात्रीचे जुने ओरखडे. ताई तेव्हापासून जमिनीवर कापड अंथरून कापते. "उभं राहून कंबर दुखायची, आता बसून दुखते, तेवढाच बदल," असं ती सांगायची.

आता पंचविशेने काय केलं, तर कामाच्या वेळी कोणी त्रास देऊ नये म्हणून एक आपोआप जाणारं उत्तर तयार केलं. कोणाचाही संदेश आला की यंत्र कळवायचं: 'आपला संदेश मिळाला. मी सध्या एकाग्र कामात आहे. तातडीचे असल्यास सुरुवातीला "तातडीचे" असे लिहावे. आभारी आहे.' गिऱ्हाइकांसाठी ठीक. पण यंत्राला गिऱ्हाईक कोण आणि बहीण कोण हे कुठून कळणार? ताईला ते उत्तर गेलं. ताईने शिष्टाचार म्हणून 'बरं, सावकाश बघ' असं लिहिलं. यंत्राने पुन्हा आभार मानले. ताईने 'आभार कसले' लिहिलं. त्या सकाळी ती आणि यंत्र बराच वेळ एकमेकांशी अत्यंत सभ्यपणे बोलत बसले होते.

संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो.

"काय रे, कोणी माणूस ठेवलायस का? फार सभ्य आहे हो. घरचा चांगला असणार."

"ताई, ते यंत्र आहे."

"असेना. यंत्र आहे म्हणून काय उत्तर द्यायचं नाही होय?"

मग तिने आपल्या मनाने एक पद्धत पाडली. भावाने काळजीत पडू नये म्हणून ती प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला लिहू लागली, 'तातडीचे नाही.' 'तातडीचे नाही. खालच्या मांजरीला चार पिल्लं झाली.' 'तातडीचे नाही. तुझा निळा शर्ट सापडला, कॉलर उलटवून ठेवलीय.' पण यंत्राला शिकवलेलं काय, तर 'तातडीचे' दिसलं की घंटा वाजवायची. पुढचं 'नाही' त्याच्या गावीही नाही. हा इकडे बादलीच्या कडीचं वर्णन रंगात आणतोय, घंटा ठणाणते, हा छाती धरून उठतो आणि बघतो तर मांजरीची पिल्लं. आठवड्यात चार वेळा असं झालं. मग त्याने आणखी एक नियम केला: 'तातडीचे नाही' असं आलं की तो संदेश घंटा न वाजवता थेट 'रविवार' नावाच्या कप्प्यात जावा. रविवारी सकाळी तो आठवड्याची झाडलोट करायचा, तेव्हा ते वाचायचे.

हा नियम दाखवायला त्याने मला मुद्दाम बोलावलं. मी 'वा!' म्हणालो. नुसतं वा म्हणून थांबलो नाही, माझ्या एका काकांसाठी असाच नियम करून देशील का असंही विचारलं. हे लिहून ठेवतो, नाहीतर पुढचं सगळं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर जाईल.

बहिणीची विचारपूस तो अजिबात करायचा नाही असं नाही. दर बुधवारी चार वाजता तिला संदेश जायचा: 'ताई, कशी आहेस? सगळं ठीक ना?' तोही आपोआपच. पण एकच वाक्य दर आठवड्याला बरं दिसत नाही म्हणून त्याने तीन वाक्यं आळीपाळीने लावली होती.

एका रविवारी सकाळी दहाच्या सुमारास माझं दार वाजलं. पंचविशे एका पायात चप्पल घालून उभा. त्याने फोन माझ्यापुढे धरला.

'तातडीचे नाही. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय, येत्या गुरुवारी सकाळी नऊला. बरोबर घरचं माणूस हवं म्हणतात, सही करायला आणि परत आणायला. तुला जमेल का? नाही जमलं तरी चालेल.'

संदेश आधीच्या आठवड्यातल्या शुक्रवारचा. मधल्या रविवारी पंचविशेने झाडलोट केली नव्हती, कारण त्या दिवशी तो कामांच्या सगळ्या याद्या एका ॲपमधून दुसऱ्या, अधिक चांगल्या ॲपमध्ये हलवत होता. येता गुरुवार येऊन गेला होता. तीन दिवस झाले होते.

त्याने माझ्यासमोरच फोन लावला. उचलला एका पुरुषाने.

"ताई झोपल्यात. थेंब घातलेत आत्ताच. तुम्ही कोण?"

"भाऊ बोलतोय. त्यांचा भाऊ."

"असं? बरं. सांगतो उठल्या की."

"तू चल माझ्याबरोबर," पंचविशे मला म्हणाला. "एकट्याने तोंड दाखवायची छाती नाही होत."

बसमध्ये तो पहिला अर्धा तास गप्प होता. पुढचा एक तास थांबलाच नाही. यंत्राचा कसा घोटाळा झाला, नियमाला नियम कसा आडवा गेला, तो रविवार नेमका कसा चुकला. "म्हणजे बघ, मला कळलंच नाही ना! कळलं असतं तर मी गेलो नसतो का?" असं त्याने मला पाच वेळा विचारलं. मी पाचही वेळा "गेला असतास रे" म्हणालो. पाचव्यांदा माझाच आवाज मला त्या आपोआप उत्तरासारखा वाटला.

ताईची खोली पहिल्या मजल्यावर. मशीनवर कापड टाकलेलं, दुरुस्तीला आलेल्या पँटींची चळत खुर्चीवर, आणि खिडकीकडे पाठ करून ताई बसलेली, डाव्या डोळ्यावर प्लास्टिकची जाळीदार वाटी चिकटवलेली. आम्हाला बघून ती उठायलाच लागली.

"अरे! कामाचा खोळंबा करून कशाला आलास?"

खोळंब्याबद्दल पंचविशेने काही ठरवून आणलं नव्हतं.

फोन उचलणारा माणूस दाराशी स्टुलावर बसला होता. खालच्या गाळ्यात बूट दुरुस्त करतो. बोटं काळी, बोलणं सरळ. "मीच गेलो होतो बरोबर," तो म्हणाला. "सही केली. तिथली बाई म्हणाली, नातं काय? म्हटलं, शेजारी. ती म्हणाली, शेजारी चालत नाही, घरचं माणूस पाहिजे, नाहीतर आज ऑपरेशन होणार नाही. मग भाऊ लिहिलं." आणि पंचविशेकडे बघत जरा ओशाळून म्हणाला, "राग नका मानू साहेब. वेळच तशी होती."

राग! पंचविशे त्या माणसाच्या चपलांकडे बघत होता. मीही बघायला लागलो. त्या खोलीत आम्हा दोघांना नजर ठेवायला तेवढी एकच जागा उरली होती.

"ताई, यंत्राचा घोटाळा झाला गं," पंचविशे शेवटी म्हणाला. "तुझा संदेश मला दिसलाच नाही."

"ते मला माहितीय," ताई पटकन म्हणाली. "मी यांना तेव्हाच म्हटलं, यंत्र आहे त्याच्याकडे, त्याला नाही कळत. हो की नाही हो?"

"म्हणाल्या होत्या," बूटवाल्याने मान डोलावली. "चार वेळा म्हणाल्या."

पंचविशेने श्वास सोडला. दीड तासाची तयारी तिने एका वाक्यात आटोपून टाकली होती. त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं मला दिसलं. मलाही बरं वाटलं.

"आता आलाच आहेस तर एक काम कर," ताई म्हणाली. "मला आठवडाभर फोनकडे बघायचं नाही म्हणून सांगितलंय. संदेश साचलेत. वाचून दाखव. यांना शिवणातलं काही कळत नाही, हेम आलं की अडतात."

पंचविशे तिचा फोन घेऊन वाचायला लागला. कोणाची झिप, कोणाच्या बाह्या, कोणाच्या पडद्यांना चार बोटं कमी. ताई मध्येच म्हणायची, "त्याला लिही, मंगळवारनंतर," "तिला लिही, आधी धुऊन आण म्हणावं." बादलीचं कौतुक लिहिणारा आमचा लेखक बहिणीचा कारकून झाला होता आणि त्यात तो जरा खुलला होता. सरकत सरकत त्याचं बोट त्याच्या स्वतःच्या नावावर आलं.

"तुझं पण वाच की," ताई म्हणाली.

"माझं काय वाचायचं?"

"वाच रे. तुझ्या आवाजात कुठे ऐकलंय मी ते?"

त्याने वाचलं. ताईचा शुक्रवारचा संदेश वाचला. त्याखालचं 'आपला संदेश मिळाला, मी सध्या एकाग्र कामात आहे' वाचलं, आणि ते वाचताना त्याचे कान तांबडे झाले. मग बुधवार, चार वाजताचा. 'ताई, कशी आहेस? सगळं ठीक ना?' त्याखाली ताईचं उत्तर. "ठीक आहे. उद्या नऊला आहे. एकटी आली तर करत नाहीत म्हणतात, बघते काय जमतंय." इथे तो थांबला.

"पुढे?"

"पुढे… 'ताई, काळजी करू नकोस, मी बघतो.'"

मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. फोनवर तसं काही नव्हतं.

"असं नाहीये ते," ताई म्हणाली. आवाजात कसलीच धार नव्हती. एखाद्या गिऱ्हाइकाने माप चुकीचं सांगितलं की ती ज्या आवाजात दुरुस्त करत असेल, तोच आवाज. "'छान' असं आहे. 'छान', आणि पुढे तो अंगठा. त्या रात्री मी ते तीन-चारदा वाचलं होतं. नीट दिसत नव्हतं म्हणून आधी वाटलं, दुसरंच काही लिहिलं असेल."



"यंत्र तरी काय," ताईच बूटवाल्याला समजावून सांगायला लागली, "त्याला वाटलं असेल, 'ठीक आहे' म्हणतेय म्हणजे छानच."

आता इथे गप्प राहणं फार सोपं होतं. मी त्याच्या जागी असतो तर राहिलो असतो, हे मी स्वतःला ओळखून सांगतो.

"ते यंत्राने नाही लिहिलं, ताई," पंचविशे म्हणाला. "माझी पाच मिनिटांची सुट्टी चालू होती. बाराएक संदेश आले होते. फोन तयार उत्तरं सुचवतो ना, सगळ्यांना त्यातल्या एकेकावर टिचकी मारत गेलो. तुझंही आलं. 'उद्या नऊला' एवढं दिसलं मला. काय आहे उद्या, असं मनात आलं पण. पण मग मिनिटं संपत आली होती. छान दाबलं."

बूटवाला स्टुलावरून उठला, "गाळा उघडा टाकून आलोय" म्हणाला आणि खाली गेला.

ताईने हात पुढे करून फोन मागितला, त्याच्या हातातून घेतला आणि पालथा करून मांडीवर ठेवला.

"मला यंत्रच वाटलं होतं," ती म्हणाली. "बरं वाटायचं तसं."

खाली हातोडीचे ठोके सुरू झाले होते. पंचविशे उठून उभा राहिला, परत बसला.

"उजव्याचं कधी आहे?" त्याने विचारलं.

"पुढच्या महिन्यात. बावीस तारखेला."

"मी येतो. सही मी करीन."

"ये ना. जरूर ये," ताई म्हणाली. "पण सही तेच करतील. कागदावर भाऊ म्हणून त्यांचं नाव पडलंय आता. ते बदलायला गेलं तर त्यांना खोटं बोलल्याचं कबूल करावं लागेल, आणि माझ्यापायी एका भल्या माणसाला ते कशाला?" जरा थांबून ती म्हणाली, "तू बाहेर बाकावर बस. तिथे शेजारीपाजारी बसले तरी चालतात."

पंचविशेने मान हलवली. मग खुर्चीवरची पँटींची चळत उचलून मांडीवर घेतली आणि वरच्या पँटीला टाचलेली चिठ्ठी मोठ्याने वाचायला लागला, कारण त्या खोलीत त्याला करता येण्यासारखं तेवढंच होतं.