भावोजींचं पपईचं भाषण

माझ्या धाकट्या दिरांइतका शिकलेला आणि घरात तितकाच बिनकामाचा माणूस अख्ख्या भाईंदर पूर्वेत सापडायचा नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. आधी पीएचडी झाली, मग म्हणे पोस्ट-डॉक्टरेट. म्हणजे काय, तर शिकून झाल्यावरही शिकतच राहायचं. सासूबाई विचारायच्या, "अरे, पर्मनंट कधी होणार?" तर उत्तर यायचं, "आई, एन्झाइमचं अजून नक्की कळलं नाही." कॅन्सरची गाठ आजूबाजूचं मांस पोखरून बाहेर कशी पसरते, ते पोखरणारी एन्झाइम शोधायचं त्यांचं काम. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठींचे तुकडे दिवसभर हाताळायचे, आणि घरी मात्र दही कधी लावलंय ते विचारल्याशिवाय घास उतरायचा नाही. एकदा इडलीचं पीठ फुगलं नाही म्हणून मी कुरकुरले, तर म्हणाले, "वहिनी, पीठ अर्धं-अर्धं करायचं. एकात मीठ घालायचं, एकात नाही. तुलनेला असा कंट्रोल ठेवल्याशिवाय काही बोलता येत नाही." पाहुणे दारात, आणि मी कंट्रोल ठेवत बसू!

बिल्डिंगला त्यातलं फक्त 'डॉक्टर' एवढंच कळलं होतं. कोणी खोकला घेऊन यायचं, कोणी गुडघा. भावोजी प्रत्येकाला बसवून "मी तो डॉक्टर नाही" हे इतकं सविस्तर समजावायचे, की माणूस खोकला विसरून उठायचा. समोरच्या चिपळूणच्या काकू एकट्या राहायच्या. त्यांचा भावोजींवर भारी जीव. आंबोळ्या केल्या की पहिली यांना.

एका गणपतीत सोसायटीने भावोजींना भाषणाला उभं केलं. मी बजावलं होतं, "सोप्पं बोला हं." झालं! गणपतीसमोर, पहिल्या रांगेतल्या जैन मंडळींच्या देखत स्वारी सुरू झाली, "मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्ची पपई चोळतो ना? पपईतलं एन्झाइम मांस सैल करतं. कॅन्सरची गाठसुद्धा तशीच..." सेक्रेटरी जोरजोरात खोकले आणि कोणीतरी माइक बंद केला. भाषण तिथेच राहिलं. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावर त्याचं 'पपई मांस खाते' झालं, आणि चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत 'पपईने कॅन्सर पसरतो'. भाजीवाला मला म्हणाला, "भाभी, आपकी बिल्डिंग को क्या हुआ? पपीता कोई छूता ही नहीं!" मी पोट धरून हसले. भावोजी बिचारे दारोदार खुलासा करत फिरले. लोक "हो हो, डॉक्टर" म्हणाले आणि सफरचंदं आणायला लागले.

काकूंच्या दारात मात्र खुलासा अडकला. काकू खुशीत म्हणाल्या, "सांगितलंस ते बरंच केलंस हो. माझ्या छातीत गाठ आहे, शिमग्यापासून. आता पपई बंद केलीय, म्हणजे ती जागची हलायची नाही."

भावोजी पपईचा खुलासाच विसरले. "काकू, आत्ता हॉस्पिटलात चला."

"काहीतरीच! दुखत पण नाहीये."

काकूंची बहीण हॉस्पिटलात गेली ती परत आली नव्हती, त्यामुळे त्या शब्दाचीच त्यांना धास्ती. पण भावोजी त्यांच्या उंबऱ्यावर बसले ते बसलेच. प्रयोगशाळेतून फोनवर फोन येत होते, तरी उठेनात. "तुम्ही निघेपर्यंत मी हलत नाही," एवढंच म्हणायचे. शेवटी काकूच वैतागल्या. "ऊठ मेल्या, साडी तरी बदलू दे!"

तपासणीत गाठ कॅन्सरचीच निघाली आणि ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी काकूंनी विचारलं, "माझी गाठ तुझ्या कामाला येईल?"

"येईल."

"मग त्यातून मला औषध निघेल?"

मला वाटलं, निदान आज तरी हा माणूस खोटं बोलेल.

"नाही, काकू. तुम्हाला नाही. निघालं तर पुढे कोणाला तरी."

"कोणाला?"

"माहीत नाही."

काकू म्हणाल्या, "घे. तीही कोणाची तरी काकूच असेल."

ऑपरेशननंतर गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत आला, तो मात्र भावोजींच्याने हातात धरवेना. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला दिला. घरी येऊन मोरीत नळ सोडून रडले. मला काय ऐकू येत नव्हतं?

काकूंना त्यानंतर चांगली काही वर्षं मिळाली, आणि ती त्यांनी जिन्यात आरडाओरडा करत झकास घालवली. त्या गेल्या तेव्हा भावोजी परदेशात होते. मी फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, एकट्या नव्हत्या ना हो?"

"नाही," मी म्हटलं, "मी होते."